पाऊस आधी कुणाला कळतो? पावशा, टिटवी, मिरगाचा किडा आणि पंचांगातला हत्ती

मे महिना निम्मा सरला की कोल्हापूर जिल्ह्यात मोबाइलवर तीन तऱ्हेचे निरोप फिरायला लागतात. पहिला पंचांगाचा: मृगाचं वाहन अमुक, म्हणून पाऊस तमुक. दुसऱ्यात फोटो असतो: कुणाच्या तरी बांधावर टिटवीनं चार अंडी घातलीत, म्हणजे चार महिने पाऊस पक्का. तिसरा हवामान खात्याचा: मान्सून अंदमानात पोचला. शाहूवाडी, भुदरगडकडं धूळवाफ पेरणीच्या तयारीत बसलेला शेतकरी हे तिन्ही वाचत असतो आणि भाताचं बी कोरड्या रानात कधी टाकायचं ते ठरवत असतो. बियाणं, ट्रॅक्टरचं भाडं, माणसांची मजुरी, सगळं त्या एका दिवसावर अवलंबून.

म्हणून या खुणांकडे गंमत म्हणून बघणं मला पटत नाही. सगळं थोतांड म्हणून झटकून टाकणंही पटत नाही. पिढ्यान् पिढ्या रानात राबलेल्या माणसांनी डोळे उघडे ठेवून केलेल्या या नोंदी आहेत. त्यातल्या काही अगदी खऱ्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या आहेत आणि काहींना काहीच आधार नाही. त्या वेगळ्या करायला प्रत्येक खुणेला दोन प्रश्न विचारायचे. ही खूण नेमकी कशामुळं दिसते? आणि ती किती पुढचं सांगायचा दावा करते: तासाभराचं, महिन्याचं की अख्ख्या हंगामाचं?

हवेतला ओलावा ओळखणाऱ्या खुणा

सगळ्यात भरवशाच्या खुणा घरातच आहेत. मिठाला पाणी सुटलं की पाऊस जवळ आला असं म्हणतात. हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते, तिच्या किती टक्के वाफ आत्ता आहे, या मापाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. ती साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बरणीत गोळे होतात. म्हणजे बरणीतलं मीठ हे आर्द्रता मोजायचं साधं यंत्रच झालं.

आपल्याकडं त्याहून हळवी वस्तू आहे, गूळ. गुळात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात आणि त्यांना पाण्याची ओढ फार. उन्हाळ्यात ठणठणीत असलेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पावसाळ्याच्या तोंडावर बघा. आधी वरच्या थराची चमक जाते, मग बोट लावलं की चिकटतं, रंग गडद होत जातो आणि कडेला काकवीसारखा ओघळ दिसायला लागतो. गूळ साठवणारा व्यापारी तेव्हा आकाशाकडं बघत बसत नाही, आधी रवे झाकायच्या मागं लागतो.

मुंग्यांचंही तसंच. मुंग्या तोंडात अंडी धरून ओळीनं वर चढायला लागल्या की पाऊस येणार, हे घराघरांत माहीत असतं. मुंग्यांची अंडी-पिल्लं ठरावीक ऊब आणि ठरावीक ओल असेल तरच नीट वाढतात. वारुळात ओल वाढली, ऊब बदलली की कामकरी मुंग्या त्यांना उचलून सोयीच्या जागी हलवतात. हवेत आणि मातीत झालेला बदल त्यांना आपल्या आधी जाणवतो, एवढं खरं. मात्र हाच बदल घागर सांडल्यानं झाला तरी त्या तेच करतील.

मातीचा वास तर त्याहून थेट. कोरड्या मातीवर थेंब पडले की मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेलं जिओस्मिन नावाचं द्रव्य हवेत उडतं आणि माणसाच्या नाकाला ते अत्यंत कमी प्रमाणातही कळतं. वळवाच्या दिवसांत अचानक गार वारा सुटला आणि मातीचा वास आला, तर काही मैलांवर सर पडते आहे आणि तिच्यातून सुटलेला वारा आपल्याकडं येतोय, असा त्याचा अर्थ. वाळवण उचलायला तेवढा वेळ पुरतो.

चंद्राचं खळं ही यातली सगळ्यात देखणी खूण. म्हातारी माणसं सांगतात, खळं लांब तर पाऊस जवळ, आणि खळं जवळ तर पाऊस लांब. चंद्राकडं हात ताठ लांबवा, अंगठा आणि करंगळी ताणून वीत करा आणि अंगठा चंद्रावर ठेवा. खळ्याची कड करंगळीच्या आसपास येत असेल, तर ते खरं मोठं खळं. त्याचा कोन २२ अंशांचा असतो आणि ते आकाशात फार उंचावर पसरलेल्या बर्फाच्या बारीक स्फटिकांमुळं तयार होतं. प्रकाश त्या षट्कोनी स्फटिकांतून वळून बाहेर पडतो म्हणून कोन ठरलेला. चंद्राला चिकटून दिसणारं लहान, रंगीत वलय वेगळं. ते पाण्याच्या थेंबांच्या पातळ ढगातून दिसतं. म्हणजे लांबचं आणि जवळचं खळं हे दोन वेगळ्या ढगांचे दोन वेगळे आविष्कार आहेत आणि त्यांतला फरक आपल्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पकडला, याचं मला फार कौतुक वाटतं. भाकित म्हणून मात्र खूण कच्ची आहे. उंच ढग वादळाच्या पुढं पसरतात, तसेच पाऊस न देताही निघून जातात.

या सगळ्या खुणांचा पल्ला काही मिनिटांपासून फार तर एखाद्या दिवसापर्यंतचा. तेवढ्यापुरत्या त्या खऱ्या आहेत, कारण त्या आत्ताच्या हवेला प्रतिसाद देतात.

पावशा, चातक आणि बहावा ऋतू ओळखतात

पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. हा पक्षी उन्हाळा तापायला लागला की ओरडू लागतो, मार्च-एप्रिलपासूनच, आणि चांदण्या रात्रीसुद्धा थांबत नाही. ओरडणारा नर असतो आणि तो मादीला साद घालत असतो. पावशाची मादी आपली अंडी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात घालते, म्हणून त्याचा विणीचा काळ सातभाईंच्या विणीशी जुळलेला. पावसाच्या सुमारास अळ्या-किडे भरपूर होतात, पिल्लांना खाणं मिळतं. हजारो वर्षांत हे गणित त्याच्या अंगात मुरलंय. पाऊस लांबला तरी तो ओरडतच राहतो.

चातकाची गोष्ट थोडी वेगळी. आपल्याकडं पावसाळ्यात दिसणारे बरेच चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून नैर्ऋत्येच्या वाऱ्यांबरोबर येतात. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०२० मध्ये चातकांवर उपग्रहाशी जोडलेले टॅग बसवून त्यांचा हा प्रवास अभ्यासायला घेतला. तेव्हा चातक दिसणं म्हणजे पावसाळी वारे वाहू लागल्याची चांगली खूण. तो वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळं वारा सुटलाय एवढं त्याच्याकडून कळतं. पुढं पाऊस किती पडेल, ते त्याच्याकडून कळण्यासारखं नाही.

बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, हाही असाच हिशेब. बहावा उन्हाच्या तापावर फुलतो, आणि आपल्याकडं कडक उन्हाळ्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पावसाळा येतोच. झाड उन्हाळा मोजतं, त्यावरून आपण पाऊस धरतो. मात्र उन्हाळाच लवकर तापला, तर झाड लवकर फुलतं आणि पाऊस आपल्या वेळेलाच येतो. केरळात बहावा विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर फुलावा अशी अपेक्षा असते. तिथं तो कितीतरी आधीच फुलून जात असल्याच्या नोंदी आता झाल्या आहेत.

मिरगाच्या किड्याचा क्रम तर उलटाच आहे. मखमलीसारखा लालभडक किडा पहिल्या दमदार पावसानंतर जमिनीतून वर येतो. तो पावसाचं भाकित करत नाही, झालेल्या पावसाची पोच देतो. पेरणीच्या दृष्टीनं ही पोचसुद्धा कामाची, कारण माती वरून भिजली एवढं त्यावरून नक्की होतं.

नक्षत्रं म्हणजे काय आणि त्यांचा पावसाशी संबंध कसा

सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांमधून फिरताना दिसतो, एकेका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस. २५ मेच्या आसपास रोहिणी, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असं करत ऑक्टोबरअखेर स्वाती. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. पावसाच्या नक्षत्रांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच येतात, कारण त्या सूर्यावर चालतात. म्हणून आपल्या शेतकऱ्यानं तिथी सोडून पेरणीसाठी नक्षत्र धरलं. हा मोठा शहाणपणा होता. चांद्र महिने मागंपुढं सरकतात, अधिक मास येतो. नक्षत्रं तशी सरकत नाहीत.

नक्षत्र म्हणजे एसटी स्थानकावर लिहिलेलं वेळापत्रक समजा. गाडी साधारण केव्हा येते ते त्यावर असतं, पण आजची गाडी वाटेत कुठं आहे ते त्या पाटीला माहीत नसतं. २०२५ साली मान्सून केरळात २४ मे रोजी पोचला आणि २६ मेला मुंबईत, म्हणजे रोहिणी जेमतेम लागली होती. आपल्याकडं मशागती आणि धूळवाफ पेरण्या अडकून पडल्या. २०२३ साली तोच मान्सून केरळात ८ जूनला आला आणि मृग नक्षत्र महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात कोरडं गेलं. ऑगस्टमधली आश्लेषा घ्या. २०१९ साली याच नक्षत्रात पंचगंगेनं कोल्हापूरला वेढा घातला. २०२३ मध्ये मात्र ऑगस्ट महिना देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ठरला. नक्षत्र तेच होतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश फिरतो, त्यामुळं नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांना एक दिवस या गतीनं पुढं सरकतात. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत पावसाची लक्षणं लिहिली, तेव्हा सूर्य मृगात ऋतूच्या हिशेबानं आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी जायचा. म्हणजे एखादं वचन जितकं जुनं, तितकं ते आजच्या पावसाशी जुळवताना सांभाळून घ्यायला हवं. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ हे मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. ते पाऊस पडेल की नाही याबद्दल बोलतच नाही. ऑक्टोबरअखेर पाऊस झाला तर रब्बीला ओल मिळेल, एवढंच सांगतं, आणि ते शेतीचं पक्कं ज्ञान आहे.

वाहनाचं गणित

पंचांगातलं वाहन कसं काढतात, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. प्रचलित रीत सोपी आहे. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो, त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येणाऱ्या आकड्याला ९ नं भागायचं आणि उरलेल्या बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांतलं एक वाहन ठरवायचं. हत्ती, म्हैस, बेडूक आले की भरपूर पाऊस मानायचा.

या हिशेबात वारा, ढग, समुद्राचं तापमान कुठंच येत नाही. शिवाय चंद्र साधारण रोज एक नक्षत्र ओलांडतो, म्हणून सूर्याचा प्रवेश एखादा दिवस इकडंतिकडं झाला की हत्तीच्या जागी दुसराच प्राणी येतो.

सगळ्यात मोठी अडचण आपल्या जिल्ह्यातच दिसते. गगनबावड्याला वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, गार होते आणि घाटमाथ्यावर रिकामी होते. पूर्वेला उतरेपर्यंत तिच्यातलं पाणी संपत आलेलं असतं. शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात दहापट फरक, आणि पंचांगातलं वाहन दोन्हीकडं एकच.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेतल्या भाकणुकीबद्दल, म्हणजे तिथं सांगितल्या जाणाऱ्या भविष्याबद्दल, मी इथं लिहीत नाही. ती निसर्गाची खूण नाही, ती श्रद्धेची गोष्ट आहे. पर्जन्यमापकाला जुंपून तिची परीक्षा घ्यायला मी जाणार नाही.

टिटवीची अंडी आणि कावळ्याचं घरटं

टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते. आपला पावसाळा साधारण चार महिन्यांचा. त्यामुळं ‘चार अंडी, चार महिने पाऊस’ हे जवळजवळ दरवर्षी खरं निघतं, पाऊस पडो किंवा दुष्काळ पडो. क्वचित तीन अंडी दिसली तर एखादं सापानं किंवा मुंगसानं नेलेलंही असू शकतं.

तिनं उंचावर अंडी घातली तर पूर येणार, असंही म्हणतात. टिटवीला घरटं बांधायचं नसतं. खडे-मातीत उथळ खळगा करून ती अंडी घालते, तेव्हा ओल नसलेली, चौफेर नजर जाईल अशी जागा तिला हवी असते. वळवानं सखल रान आधीच चिखल झालं असेल तर ती उंचवटा निवडू शकते, पण तो झालेल्या पावसाचा परिणाम. शहरांत टिटव्या इमारतींच्या गच्चीवरही अंडी घालतात, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढत नाही.

कावळ्याच्या घरट्याचंही तसंच. आंब्यावर की बाभळीवर, शेंड्याला की मधोमध, हे त्याला कुठलं झाड मोकळं मिळालं, फांद्यांचं बेचकं कुठं आहे, जवळ दुसरी जोडी आहे का, यावर ठरतं. मे महिन्यात घरटं बांधणाऱ्या कावळ्याला ऑगस्टमधला पाऊस कळावा, तर ती बातमी त्याच्यापर्यंत पोचायला काहीतरी वाट हवी. तीन महिन्यांनी पडणारा पाऊस मे महिन्यात हवेत कुठंच नसतो. प्राण्यांची ज्ञानेंद्रियं आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात हे मान्य. पण नाक कितीही तीक्ष्ण असलं तरी अजून न सुटलेला वास त्याला कसा येणार?

‘पण आमच्या आज्ज्याचं कधी चुकलं नाही’

हे मी पुष्कळांकडून ऐकलंय आणि त्यात तथ्य आहे. आज्जा फक्त टिटवी बघत नव्हता. तो वाऱ्याची दिशा बघत होता, जोतिबा-पन्हाळ्याच्या बाजूला ढग कसे उतरलेत ते बघत होता, जनावरं, उकाडा, विहिरीचं पाणी, मागच्या चाळीस पावसाळ्यांची आठवण, सगळं एकत्र धरून बोलत होता. विचारलं की मात्र एखादीच खूण सांगायचा, कारण बाकीचं शब्दांत सांगणं अवघड. आपण ती एक खूण उचलली आणि माणसाची सगळी नजर मागं राहिली.

दुसरं असं, की जुळलेलं भाकित घरात पुन्हा पुन्हा सांगितलं जातं आणि चुकलेलं त्याच वर्षी विसरलं जातं. आज्जा खोटं बोलत नव्हता. नोंद ठेवायची रीत नव्हती, एवढंच.

‘आणि हवामान खात्याचं तरी कुठं बरोबर येतं?’

ही तक्रार रास्त आहे. हवामान खातं १८७५ पासून आहे, तरी तुमच्या शिवारात मंगळवारी दुपारी सर येईल का, याचं उत्तर ते आठवडाभर आधी देऊ शकत नाही. एप्रिलमधला अंदाज अख्ख्या देशाच्या चार महिन्यांच्या पावसाचा असतो. देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर, आणि अंदाज तिच्या किती टक्के याचा. त्यावरून करवीर किंवा कागल तालुक्याचा पाऊस काढता येत नाही. बातम्यांत हा फरक पुसला जातो आणि लोकांचा विश्वास उडतो. जिल्ह्याला एकच रंगाचा इशारा दिला तर गगनबावडा आणि शिरोळ एका मापात मोजण्याची चूक तिथंही होतेच, म्हणून आता कोल्हापूरच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला जातो.

तरीही एक मोठा फरक राहतो. खात्याचा अंदाज तारखेसह लिहिलेला असतो, आकड्यांत असतो. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘अतिमुसळधार’ म्हणजे २०४.४ पर्यंत. तो चुकला तर चुकला हे दाखवता येतं आणि दाखवता येतं म्हणून सुधारता येतं. पुढच्या दोन-तीन दिवसांच्या इशाऱ्याकडं मी तरी कधी काणाडोळा करणार नाही.

पुराच्या बाबतीत खुणांवर विसंबू नका

इथं मला आग्रहानं सांगायचंय. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र होऊन पंचगंगा बनते. या नद्यांचं पाणलोट पश्चिमेला, डोंगरात. शहरात दिवसभर ऊन असलं, मुंग्या निवांत असल्या, मीठ कोरडं असलं, तरी वर राधानगरी-गगनबावड्याला झोडपलं असेल तर पाणी वाटेवर असतं. धरण भरलं की राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. तुमच्या अंगणातल्या कुठल्याही प्राण्याला चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या डोंगरातल्या पावसाची खबर नसते.

त्या वेळी बघायचा आकडा एकच, कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. ‘मागच्या पुरात पाणी या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येत नाही’ ही सुद्धा एक लोकसमजूतच आहे, आणि २०१९ मध्ये तिच्या भरवशावर अनेक घरं शेवटच्या क्षणापर्यंत थांबली. आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना हे मी नव्यानं सांगायला नको. शहरात पूररेषेच्या आत नव्यानं राहायला आलेल्यांना मात्र सांगायला हवं.

पेरणीसाठी काय धरायचं

साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. आपल्या महसूल मंडळाचा पाऊस रोज कळतो, तो जोडत जायचा. शिवाय कुदळीनं खणून ओल वीतभर खाली गेलीय का बघायचं. ही जुन्या माणसांचीच रीत आहे आणि मिरगाच्या किड्यापेक्षा पक्की आहे, कारण किडा वरचा थर भिजल्यावरही येतो. धूळवाफ पेरणीला हा नियम लागत नाही. तिथं बी कोरड्यात पडतं, म्हणून तिथं तर पुढच्या आठ-दहा दिवसांचा अंदाज बघणं जास्त गरजेचं.

आणि खुणा सोडू नका, फक्त लिहून ठेवा. पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, गल्लीतला बहावा कधी फुलला, मिरगाचा किडा कधी दिसला, टिटवीची अंडी किती आणि कुठं, आणि शेजारी मंडळाचा पाऊस. जुळलं तेही लिहायचं, न जुळलं तेही. सीझनवॉच नावाचा लोकसहभागाचा उपक्रम देशभरातून झाडांच्या अशा नोंदी गोळा करतो आणि बहावा त्याच्या यादीत आहे. शाळेतल्या पोरांनाही हे जमतं. करवीरचा बहावा आणि आजऱ्याचा बहावा एकाच आठवड्यात फुलतात का, पावशाची पहिली हाक दर वर्षी अलीकडं सरकते आहे का, ही उत्तरं अशा वह्यांतूनच मिळतील.